टेबल सहा : एक बांगडी वाढली

भाट्ये, रत्नागिरी
११ जानेवारी २००१

फातिमा बाय,

मुद्दाम बंद पत्र धाडत्ये. पोस्टकार्ड आमचा पोस्टमन वाचतो, आणि तुमचा मालगुंडचा काही निराळा नसणार.

तुझी शाळा उर्दू. मराठी अक्षरं तू बोट ठेवून लावणार आणि तोवर भात करपणार. तेव्हा हे पत्र तुझी शिफा वाचून दाखवेल असं धरून चालते. शिफा, माझं अक्षर बघून हसू नको हो. मी सातवीपर्यंत शिकले ती पाटीवर, कागद मला कुणी दिलाच नाही.

परवा राजिवड्यात तुझ्या दारात गेले तर कुलूप. शेजारीण म्हणाली, "ती म्हायेराक गेली, पोरीला घेवन." कधी येणार विचारलं तर खांदे उडवून आत गेली. माझ्या हातात तुझा डबा होता. कारखान्यात तुझ्या खुंटीवर राहिलेला. तो अजून माझ्याकडे आहे, धुऊन पुसून ठेवलाय.

टेबल सहावर तुझी जागा रिकामीच आहे. बाराजणींच्या अकरा झालो. माझ्या डाव्या बाजूला कोपर लावायला कुणी नाही. कोळंबी तीच, बर्फ तोच, सकाळी आठला बाहेरून पडणारं कुलूप तेच. मॅनेजर रोज एकदा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतो, "काच जिच्या बांगडीची होती ती बाई गेली, आता सगळं ठीक आहे." मी खाली बघून सोलत राहते.

आमच्या घरधन्याची, केरूची, जखम भरली. उजव्या हाताला दोनच बोटं उरली, पण त्या दोन बोटांनी विडी धरता येते हे त्यानं लगेच शोधून काढलं. बोटीवर परत कधी घेतील ते बघायचं. तोवर घर माझ्या हातांवर.

तू दिलेलं कोकमाचं तेल अजून पुरतंय. घरी आले की आधी ते लावते, मग चूल. हाताची कातडी परत धरायला लागलीय. तुझी फार आभारी आहे. तेलाबद्दल आहेच, पण त्या दुसऱ्या गोष्टीबद्दल जास्त. कोणती ते तुला ठाऊक आहे. शिफा वाचत्येय म्हणून इथे लिहीत नाही.

तुला आठवतं, तू मला नेहमी चिडवायचीस? तुम्हा लोकांत बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. दुकान बंद करत नाहीत, तेही वाढवतात. आणि मग टेबलावर हात आपटून म्हणायचीस, "सगला वाढता गो तुमच्यात, आपला रेट तेवडो वाढना नाय!" गंगूबाई हसता हसता खोकायला लागायची.

आता कुणी हसत नाही. दोन ओळी लिही. शिफाकडून लिहून घे.

तुझी,
कमळा


भाट्ये
२२ जुलै २००१

फातिमा बाय,

तुझं पत्र आलं नाही. येणार नाही हेही हळूहळू कळायला लागलंय. तरी लिहिते. आमच्यात म्हणतात, दार उघडत नसेल तर कडी तरी वाजवावी.

तुझ्या रशीदभाईंची कुवेतची कंपनी बंद पडली आणि ते परत आले असं बाजारात कळलं. ऐकून मी मासळीची टोपली तिथेच खाली ठेवली. आपण दोघींनी धरलं होतं की तू चार दिवस घरी बसशील, मग मॅनेजर विसरेल, आणि तोवर कुवेतचे पैसे आहेतच. मॅनेजर विसरला नाही. मिऱ्याच्या कारखान्यात तुझं नाव सांगून बघितलं, तर तिथला मुकादम म्हणाला, "ती काचवाली? तिचा नाव सगलीकडं लावून ठेवलानी हाय." सगळीकडे म्हणजे इथून जयगडपर्यंत.

गेल्या महिन्यात कारखाना तपासायला माणसं आली होती. आपला माल जातो ना हॉलंडला, त्या दुकानवाल्या कंपनीनं मुंबईच्या दोघांना पाठवलं होतं. आठ दिवस आधी मॅनेजरनं आम्हाला पाढ्यांसारखी उत्तरं पाठ करून घेतली. हातमोजे मिळतात? मिळतात. दार उघडं असतं? असतं. खूश आहात? आहोत. त्या दिवशी खरंच नवे हातमोजे मिळाले आणि कुलूपही निघालं. तपासणारे चहा पिऊन गेले आणि लगेच मॅनेजरनं हातमोजे मोजून परत घेतले. चिमा म्हणाली, "जल्लं मेलं, नवरीचे दागिने पन एक दिस तरी ठेवतात." मला विचारलं तेव्हा मीही "खूश आहे" म्हणाले. एकदा गप्प राहायची सवय लागली की पुढचं सोपं जातं बघ.

खरं तर आज लिहायला बसले ते दुसऱ्याच कारणानं. तुमच्या मालगुंडची एक बाई बाजारात भेटली. म्हणाली, शिफाला शाळेत मुली काचवालीची पोर म्हणतात, आणि ती घरी येऊन काही बोलत नाही.

शिफा, हे तू वाचत असशील तर आईला हे वरचं वाक्यही वाचून दाखव, गाळू नको. ते ऐकलं त्या दिवशी मी जेवले नाही.

आज एवढंच. हाताला तेल लावायचं राहिलंय.

कमळा


भाट्ये
२ डिसेंबर २००१

फातिमा बाय, आणि शिफा,

शिफा, आज हळू वाच आणि मोठ्यानं वाच. घरात आजी असेल तर तिलाही बोलाव. रशीदभाई असतील तर त्यांनाही. हे पत्र तुझ्या आईसाठी कमी आणि तुझ्यासाठी जास्त आहे. तुझ्या आईला यातलं सगळं ठाऊक आहे.

गेल्या वर्षी नवरात्रात मी हिरव्या बांगड्या भरल्या होत्या. कारखान्यात बांगडी घालून आत जायचं नाही असा नियम आहे, गेटवर काढून रुमालात बांधायच्या. बाकीच्या मी काढल्या. एक ठेवली. तिला चिंधी गुंडाळली, वर फाटका हातमोजा घातला. का ठेवली? केरू समुद्रावर होता. बंदरात तीन नंबरचा बावटा लागला होता, आणि नवरा वादळात असताना हात पार रिकामे करायला माझं मन होईना. वेडेपणा म्हण. आमच्या वाडीत असा वेडेपणा करणार नाही अशी बाई दाखव.

दुपारी बर्फाची पाटी उचलताना ती बांगडी टेबलाच्या कडेवर आपटली. चिंधीत तुकडे राहिले, दोन-तीन कोळंबीत गेले. मी रडायला लागले. तुझी आई माझ्या शेजारी होती. तिनं विचारलं, "सगले तुकडे गावले?" मी नाही म्हटलं. "मग सांग जा. खाणाऱ्याच्या तोंडात जायल." तिनंच मला ढकललं. मी सुपरवायझर हर्षदकडे गेले आणि म्हटलं, "हर्षदभाऊ, बांगडी वाढली." त्यानं नाव न घालता तेवढंच वहीत लिहिलं आणि मॅनेजरकडे पळाला. टेबल सहाचा सगळा माल टाकून द्यायला हवा, असं तो सांगत होता. मॅनेजर म्हणाला, कंटेनर संध्याकाळी निघतोय, पाण्यानं धुवा आणि चालू ठेवा.

मी सांगितलं होतं, शिफा. एवढं माझ्या बाजूनं. पुढचं माझ्या बाजूनं नाही.

त्याच दुपारी समुद्रावर केरूचा हात जाळं ओढायच्या विंचात अडकला आणि तीन बोटं गेली. वेळ विचारली तर जवळपास तीच. त्यानंतर मी त्या बांगडीचं नाव कुणापुढे काढलं नाही.

दोन महिन्यांनी हॉलंडमध्ये कुणा बाईच्या दाताखाली काच आली. मॅनेजरनं आम्हा बाराजणींना भिंतीला लावून उभं केलं. नाव सांगा, नाहीतर उद्यापासून टेबल सहा बंद. मला ठाऊक होतं, तुझ्या आईला ठाऊक होतं, हर्षदला ठाऊक होतं. हर्षद जमिनीकडे बघत होता. मी सांगावं तर घरी जायबंदी नवरा, सासू म्हणेल तुझ्या बांगडीनं माझ्या मुलाचा हात खाल्ला, आणि मलाही ते खरंच वाटत होतं. तेव्हा तुझी आई एक पाऊल पुढे आली आणि म्हणाली, "माजी बांगडी फुटली."

फुटली म्हणाली. जसं आहे तसं.

बाहेर गेटवर मी तिचा हात धरला तर म्हणते, "तुज्या घरी जखमी मानूस हाय. माजो घोव कुवेतला हाय. गप रव." आणि मी गप्प राहिले. एक वर्ष राहिले. काच माझी होती, शिफा. तुझ्या आईच्या हातात त्या दिवशी बांगडी नव्हतीच.

आता या आठवड्याची गोष्ट ऐका.

गुरुवारी पुन्हा तपासणी आली. या वेळी मुंबईची माणसं नव्हती. हॉलंडहून खुद्द कंपनीची एक बाई आली, दाराच्या चौकटीत डोकं आपटेल एवढी उंच. तिकडे लोकांनी म्हणे दुकानापुढे उभं राहून विचारलं, ही कोळंबी सोलतं कोण आणि त्यांचे हाल काय आहेत ते सांगा. म्हणून आली. बोलणं समजावं म्हणून तिनं बरोबर एक मुलगी आणली होती, योगिनी नावाची. हातखंब्याची, हायवेवर तिच्या वडलांचं चहाचं हॉटेल आहे. म्हणजे आपलीच.

बाईनं पहिलं काम काय केलं, तर मॅनेजरला खोलीबाहेर काढलं. एकेक टेबल आत बोलावलं. आमची पाळी आली तेव्हा तिच्यापुढे हर्षदची वही होती, आणि तिच्याजवळ एक इंग्रजी कागद होता. मॅनेजरनं काचेची तक्रार आली तेव्हा वहीच्या पानाचं भाषांतर मुंबईच्या ऑफिसातून करून हॉलंडला धाडलं होतं, आम्ही सगळं लिहून ठेवतो हे दाखवायला; पान स्वतः वाचलं नसणार.

योगिनीनं कागद वाचला, वही वाचली, पुन्हा कागद वाचला. मग आम्हाला म्हणाली, "यात लिहिलंय, टेबल सहा, एका बांगडीची वाढ. मॅडम विचारतायत, मोजताना एक बांगडी जास्त भरली का? आणि कोळंबीच्या कारखान्यात बांगड्या कशाला मोजता?"

फातिमा, त्या कारखान्यात एक वर्षानं आम्ही हसलो. गंगूबाईला तोच खोकला. योगिनीपण हसली. मग तिनं मॅडमला समजावलं, की आमच्याकडे बांगडी फुटली असं तोंडानं म्हणत नाहीत, अपशकुन असतो, वाढली म्हणतात. ती बाई हसली नाही. तिनं वहीवर बोट ठेवलं आणि काहीतरी विचारलं. योगिनीनं वाचलं, "दुपारी दोन चाळीस. मॅनेजरना कळवले." खाली तारीख. वेळ कंटेनर निघाला त्याच्या चार तास आधीची.

इतके दिवस त्यांना सांगितलं होतं, की एका बाईनं काच लपवली. ती लपवली नव्हती, हे त्यांच्याच फाइलीत पडून होतं. कुणाला वाचता आलं नाही.

योगिनी म्हणाली, "म्हणजे फातिमानं तेव्हाच सांगितलं होतं? मग तिला काढलं का?" आणि गंगूबाई, जिला गप्प राहण्याची कला देवानं दिलेली नाही, ती म्हणाली, "फातमा? फातमा मेली जन्मात कदी 'वाढली' बोल्ली नाय! ती सरल 'फुटली' बोलायची."

योगिनीनं वहीकडे बघितलं, मग आमच्याकडे. हळूच विचारलं, "मग वाढली कोण म्हणालं?"

मी उभी राहिले. पाय आपोआप उभे राहिले, माझं श्रेय नाही. म्हटलं, "मी म्हणाले."

"तुमची बांगडी वाढली?"

"हो."

तिनं कागद पुढे घेतला. "मॅडमना तुमच्या शब्दांत लिहून हवंय. पण वाढली लिहिलं तर तिकडे पुन्हा तोच घोळ होईल. सरळ सांगा ना, काय झालं?"

फातिमा, केरू सकाळीच समुद्रावर गेला होता. त्याला परत घेतलंय, स्वयंपाकाला. त्याच्या हाताला उरलेली दोन बोटं, आणि तो पाण्यावर, आणि मी तो शब्द उच्चारायचा. तू एका दमात उच्चारलास तो. मी भिंत धरली आणि म्हटलं, "फुटली. माझी बांगडी फुटली. फातिमाची नव्हे."

योगिनीनं लिहिलं. मी सही केली. सहीच्या बाजूला ओला डाग पडलाय, तो बर्फाचा समजा.

मग दार लोटून हर्षद आत आला. बाहेर ऐकत उभा होता. म्हणाला, "वहीतलं अक्षर माझं आहे. मॅनेजरना मीच सांगितलं होतं." उशिरा बोलला, पण मी कोणत्या तोंडानं त्याला उशीर म्हणू? मला तर त्याचे पाय धरावेसे वाटले. त्यानं माझे शब्द जसेच्या तसे लिहिले होते. शहाणपणानं 'फुटली' लिहिलं असतं तर मॅडमला अर्थ कळला असता, पण तो आवाज कुणाचा ते कुणालाच कळलं नसतं.

उंच बाईनं वही मिटली. मग जे बोलली ते योगिनीनं सांगितलं. "घाई आमची होती. कंटेनर एक दिवस उशिरा आला तर माल घेणार नाही, असं आम्हीच लिहून दिलं होतं. तुमचा मॅनेजर टेबल थांबवणार कसा?" आणि म्हणाली, फातिमाला भेटायचं आहे. मी तिला तुझा पत्ता दिला. विचारल्याशिवाय दिला, रागव.

काल शनिवारी केरू आला. त्यालाही सांगितलं. वाटलं होतं भांडं फेकेल. त्यानं बोटं मोडायला हात पुढे केला, मग आठवलं, मागे घेतला. म्हणाला, "बांगडी फुटली म्हनून बोटा जात नायत गो. विंचाची कडी सडलेली व्हती. तांडेलानं बोटीच्या शेठला दोन येला सांगितलान व्हता." मग आतून मला वाटतं हसत होता. "तू पन सांगितलंव, त्यानं पन सांगितलान. ऐकनारा कोन व्हता?"

एक वर्ष मी एका बांगडीचं ओझं वाहत होते, फातिमा. आणि ओझं होतं एका कडीचं आणि एका कंटेनरचं.

शिफा, उद्या शाळेत जाशील ना, हे पत्र दप्तरात ने. कुणी काही म्हणालं तर काढून दाखव. खाली पूर्ण नाव घालते.

कमळा केरू पाटील, टेबल सहा


भाट्ये
५ मे २००२

फातिमा बाय,

मॅडम तुला भेटून गेली आणि तू तिला फणसाचे गरे खायला घातलेस, हे योगिनीकडून कळलं. मला मात्र पत्र नाही. गऱ्यांवर माझाही हक्क आहे हो.

कंपनीचं पत्र तुला मिळालं असेल. मराठी योगिनीचं आहे. त्याची एक प्रत कारखान्याच्या शेठनं फळ्यावर लावलीय, 'बांगडी घालून येऊ नये' या पाटीच्या अगदी बाजूला. "काच फातिमा यांच्या बांगडीची नव्हती. त्यांना काढणे चूक होते. काच पडल्याचे कळवूनही माल पाठवला गेला आणि त्यात आमच्या घाईचा वाटा होता." चिमाला वाचता येत नाही, पण ती रोज तिथे उभी राहून मान हलवते.

इथली हकीकत सांगते. मला पंधरा दिवस बसवून ठेवलं आणि मग हॉलंडहून पत्र आलं म्हणून परत घेतलं. मॅनेजर वेरावळच्या कारखान्यात गेला, तिथल्या बायकांचं कल्याण असो. मागच्या दाराचं कुलूप गेलं. आता आतून ढकललं की उघडतं. पहिले चार दिवस आम्ही उगाच ढकलून बघत होतो. कोपरापर्यंतचे हातमोजे आले, आणि ते परत मोजून घेत नाहीत. बांगड्या ठेवायला गेटवर प्रत्येकीच्या नावाचा डबा आहे.

आणि प्रत्येक टेबलावर घंटा आहे. काही पडलं, काही तुटलं, कुणाला भोवळ आली, तर जिच्या लक्षात येईल तिनं वाजवायची. टेबल थांबतं, माल बाजूला काढतात, आणि वाजवणारीला कुणी बोलायचं नाही. मॅडमनं नवीन करारात लिहून दिलंय, घंटेमुळे उशीर झाला तर तो उशीर त्यांचा. पहिल्यांदा मीच वाजवली. हातमोज्याचा तुकडा तुटून पडला होता. सगळा हॉल माझ्याकडे बघायला लागला आणि माझे कान तापले. कुणी काही बोललं नाही.

सगळं सोन्याचं झालंय असं समजू नको. दहा तास उभं राहणं आहेच, थंडी आहेच. आणि रेट तेवढा अजून वाढत नाही, तुझी शपथ.

तरी रोज तिकडे जाताना मला बरं वाटतं, आणि ते कुणामुळे ते मला ठाऊक आहे. लोक योगिनीचं नाव घेतात, मॅडमचं घेतात, त्यांचे उपकार आहेतच. पण तू त्या दुपारी मला हर्षदकडे ढकललं नसतंस तर वहीत काही लिहिलंच गेलं नसतं. आणि भिंतीपाशी पुढे आली नसतीस तर माझं घर तेव्हाच बसलं असतं. माफी मागितली तर तू म्हणशील, "गप रव." म्हणून मागत नाही. आभार मानते. ते तुला घ्यावे लागतील, ते परत करायची रीत नाही.

टेबल सहावर तुझी जागा शेठनं मोकळी ठेवायला लावलीय. तुझा डबा अजून माझ्याकडे आहे.

कमळा


भाट्ये
२५ ऑगस्ट २००२

फातिमा बाय,

तुझं कार्ड आलं!

पोस्टमननं ते आधी वाचलं होतंच. दारातूनच ओरडत आला, "कमळावहिनी, मालगुंडवाली बोलली एकदाची!" मी त्याच्या हातातून ओढून घेतलं. अक्षर शिफाचं, बोलणं तुझं. चार वेळा वाचलं, एकदा केरूला वाचून दाखवलं. आता तुझंच तुला परत लिहून पाठवत्ये, म्हणजे नंतर 'मी असं बोललेच नाही' म्हणायला नको.

"कमला, शिफा लिवते, मी सांगते. तुजी पत्रा सगली पोचली. डिसेंबरचा पत्र शिफानं तीनदा वाचलान, तिसऱ्या येलेला मीच बोल्ली पुरे, आता रडवू नको. राग व्हता, खोटा कशाला बोलू. काच माज्या अंगावर मी घेतली, तेचा राग नव्हता. तू भेटाय आली नाय, तेचा व्हता. कंपनीचा कागद रशीदनं भितीवर लावलान, मी काडून पेटीत ठेवलाय. कामावर परत येनार नाय. माजी जागा दुसऱ्या कुनाला तरी देवा. मी आता गनपतीपुल्याच्या रस्त्यावर बसतंय. काय विकतंय सांगू? हास आता. बांगड्या! बायका देवाला येतात, हात भरून जातात. भरताना एकादी फुटली की मी काय बोलतंय ठाव हाय? 'वाढली गो बाय, दुसरी घे.' फुटली बोलला तर गिऱ्हाईक उटून जाता. तू फुटली बोलाय शिकलीस, मी वाढली. श्रावन हाय. रिकाम्या हातांनी ये."

किती वेळ हसत होते कुणास ठाऊक. काचेपायी कामावरून काढलेली बाई काचच विकायला बसली! सासू आतून विचारते, काय झालं गो? सांगून कळण्यासारखं होतं का ते?

आणि भेटायला आले नाही हे खरं आहे. पत्रामागे लपणं सोपं होतं. मालगुंडची एसटी रोज माझ्या डोळ्यांसमोरून जाते.

पुढच्या रविवारी त्या एसटीत बसते. केरू बरोबर येतोय, त्याला रशीदभाईंशी बोलायचंय आणि दोन बोटांनी विडी कशी धरतात ते दाखवायचंय. तुझा डबा आणत्ये. रिकामा परत द्यायची आमच्यात पद्धत नाही, म्हणून त्यात खाडीतल्या तिसऱ्यांचं सुकं भरून आणीन. हात मात्र रिकामे. गेली दोन वर्षं मी हिरव्या बांगड्या भरल्याच नाहीत, काळी पोत तेवढी गळ्यात. तू भरणार असशील तर भर.

एकच सांगते, आधीच. बर्फातल्या कामानं माझे पंजे सुजलेत. पूर्वीच्या मापाची बांगडी आता सहज चढायची नाही. तू कितीही साबण लाव, भरताना एखादी फुटणारच.

ती माझी.

तुझी,
कमळा